गुरुवारची हाळी

कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात बारा घरांची एक वाडी आहे. तिथला शिदू हा उभ्या मावळातला सगळ्यांत विनोदी माणूस होता. ही गोष्ट चाळीस वर्षं त्याच्या एकट्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती, कारण शिदूचा एकही विनोद आजवर कोणाला कळला नव्हता.

जन्मतःच त्याच्या टाळूला चीर होती. आईनं दूध पाजलं की अर्धं नाकातून परत यायचं. पुढे बोलायला लागला तेव्हा शब्दांचीही तीच गत झाली. निम्मं बोलणं नाकावाटे सांडायचं, आणि क, ट, प असली कडक अक्षरं तोंडात तयारच व्हायची नाहीत. लोक त्याला गेंगाण्या म्हणत. शिदूला त्याचा राग येत नसे. म्हणजे यायचा, पण तो त्यानं लहानपणीच गिळून टाकला होता, नाकातून बाहेर आला नाही तेवढा. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यावं, हा त्याचा शिरस्ता. ‘माझ्या टाळूची माती देवानं महिपतीच्या डोक्यात भरली,’ असं तो म्हणे. तेही शेजारच्या महिपतीच्या तोंडावर. महिपती बिचारा मान डोलावून म्हणे, “व्हय व्हय, लय गारठा हाय आज.”

इथं शिदूचं बोलणं सरळ लिहिलं आहे, कारण त्याच्या डोक्यात ते सरळच होतं. समोरच्याच्या कानाला जे पोचायचं ते लिहायला आपल्याकडे अक्षरं नाहीत, आणि असती तरी लिहिणं बरं दिसलं नसतं.

न समजणाऱ्या बोलण्याचा एक फायदा मात्र असतो, आणि शिदूनं तो पुरेपूर उपटला होता. तो कोणालाही काहीही म्हणू शकत असे. हात जोडून, मान लववून, गोड हसून तो तलाठ्याला ढापण्या म्हणे आणि कुसगावच्या पाटलाला फुगलेला बेडूक म्हणे. दोघंही त्याला चांगल्या वळणाचा माणूस समजत.

फक्त एका ठिकाणी शिदूचं बोलणं पहिल्या झटक्यात कळायचं. ते ठिकाण म्हणजे डोंगर. वाडीतली गुरं चरायला लांब जायची, आणि एका डोंगरावरचा गुराखी पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला हाळी द्यायचा. मध्ये अख्खी दरी. एवढ्या लांबून कोणाचेच शब्द धड पोचत नाहीत. पोचते ती चाल. आवाज कुठे चढला, कुठे उतरला, कुठे लांबला, त्यावरून गाय सुटली का पाहुणा आला हे ओळखायचं. गुरं सुटल्याची चाल वेगळी, जेवायला बोलावण्याची वेगळी, किती जनावरं कमी आहेत ते मोजून सांगायची वेगळी. अशा बोलण्यात टाळू असली काय आणि नसली काय! डोंगरावर सगळेच गेंगाणे. तिथं शिदू वाडीतला पहिल्या नंबरचा हाळीवाला होता.

हाळीला एकच कायदा होता: खोटी हाळी द्यायची नाही. आठ वर्षांचा असताना शिदूनं गंमत म्हणून बिबट्याची हाळी दिली होती. पलीकडच्या डोंगरावरून चुलता काट्याकुट्यांतून धावत आला, पाय मुरगळून घेतला, आणि बापानं शिदूला असा फोडून काढला की आठ दिवस त्याला बसता येईना. मारताना बाप एकच म्हणत होता, “मानूस धावत येतो रं! मानूस धावत येतो!” बाकीचे धडे शिदू विसरला असेल, हा एक विसरला नाही.

पंचविशी उलटल्यावर शिदू डोंगर उतरून लोणावळ्यात आला आणि गुलबाईच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिला. गुलबाई म्हणजे मुंबईची पारशी म्हातारी, नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली. दिवाळीला आणि मे महिन्यात यायची, बाकी वर्षभर बंगला शिदूच्या ताब्यात. बागेच्या कडेला एक खोली, खोलीपुढे चूल, आणि खोलीत बायको चिमाबाई. चिमाबाई लहानपणीच्या तापात दोन्ही कानांनी पार बहिरी झाली होती. लग्न जमवताना लोक हसले होते. शिदू त्यांच्याहून जास्त हसला होता. “माझं कुनाला कळत न्हाई आन् तिला कुनाचं ऐकू येत न्हाई. भांडान व्हायचं तरी कसं?” पण झालं असं की चिमाबाई ओठ बघून आणि हात बघून नवऱ्याचं सगळं ओळखायला लागली. तिनं त्याचा बिघडलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिच्या लेखी तो चांगलं बोलत होता.

गुलबाई आली की शिदू फाटक उघडी, हात जोडी आणि म्हणे, “आली का भवानी? नाच आता म्हैनाभर डोक्यावर.” म्हातारीचे डोळे भरून येत. “थँक यू, दीकरा,” पोटच्या पोराला म्हणावं तसं ती म्हणे, आणि मोटारीतून बिस्किटांचा डबा काढून त्याच्या हातात देई. बिस्किटं खाताना शिदूला किंचित लाज वाटायची, पण तोंडातलं बिस्किट संपेपर्यंतच.

असं चौदा वर्षं बरं चाललं होतं. मग १९६५च्या जून महिन्यात गुलबाईच्या भाच्यानं, केकीनं, बंगल्यावर टेलिफोन बसवला.

केकी हा शिस्तीचा माणूस होता. शिदूच्या दृष्टीनं तो इस्त्री केलेला बोका होता, आणि तसं तो केकीला दर भेटीत सांगत असे. केकीनं ठरवलं की दर गुरुवारी दुपारी चार वाजता मावशी मुंबईहून ट्रंक कॉल लावील आणि माळ्यानं बंगल्याची खबर द्यायची. गच्चीवरची टाकी गळते का, कौलं किती फुटली, आणि कुत्री कशी आहे. कुत्री म्हणजे गुलबाईनं बंगल्यावर ठेवलेली, चौदा वर्षांची, दात पडलेली. तिला सगळे म्हातारीच म्हणत.

पहिल्या गुरुवारी घंटी वाजली आणि शिदूनं चोंगा उचलला. मुंबई लांब आहे हे त्याला ठाऊक होतं. लांबच्या माणसाशी कसं बोलायचं हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं छाती भरून घेतली, मान वर केली, आणि डोंगरावर द्यायची तशी खणखणीत हाळी त्या चोंग्यात दिली.

लोणावळ्याच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलेल्या नंदाबाईनं कानावरचा हेडफोन उपटून टेबलावर फेकला. मुंबईत गुलबाईच्या हातातून चहाचा कप सुटला. “शिदू! आग लागली काय?” ती ओरडली. शिदूला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं अजून जोरात दिली.

दुसऱ्या गुरुवारी त्यानं डोकं चालवलं. त्याला ऐकू येत होतं पण बोलता येत नव्हतं. चिमाबाईला बोलता येत होतं पण ऐकू येत नव्हतं. दोघं मिळून एक धड माणूस होत होता. मग काय, एकाच चोंग्याला दोघं लटकले. वरच्या टोकाला शिदूचा कान, खालच्या टोकाला चिमाबाईचं तोंड. गुलबाई विचारील ते ऐकून शिदूनं हातानं खुणा करायच्या आणि चिमाबाईनं बोलायचं. पहिला प्रश्न सुरेख पार पडला. “टाकी गळतीया!” चिमाबाईनं जाहीर केलं. पण गुलबाई कुत्रीची चौकशी करायला लागली तरी चिमाबाईचं टाकीचं संपलेलं नव्हतं. “बुडाला फडकं बांधलंय!” ती म्हणाली. मुंबईकडून किंकाळी ऐकू आली, पण ती शिदूला, चिमाबाईला कुठली? आपलं बोलणं कोणी थांबवत नाही हे बघून तिला हुरूप आला. चौदा वर्षांत मालकिणीशी असं निवांत बोलायला तिला कधी मिळालंच नव्हतं. चुलीचा धूर, गुडघा, बहिणीनं नेलेलं आणि परत न दिलेलं पातेलं, सगळं तिनं सांगून टाकलं. शिदू खुणा करून करून दमला. ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली, फोन तुटला, तरी पातेलं चालूच होतं.

संध्याकाळी केकीचा फोन आला. तो सावकाश बोलला, म्हणून जास्त वाईट वाटलं. “शिदू, बंगला एवढा मोठा. खबर मिळाली नाही तर कसं चालेल? तळेगावचा एक माणूस मी बघून ठेवला आहे. दिवाळीपर्यंत तू फोनवर नीट सांगायला लागलास तर ठीक. नाहीतर खोली खाली कर.”

शिदूनं चोंगा ठेवला. ‘चाळीस वर्षं या तोंडाला हसलो, आता ते उलटलं,’ त्याला वाटलं. वाडीवरची जमीन म्हणजे दोन भावांत एक भातखाचर. तिथं परत जाऊन भावाच्या ताटात बसायचं, तेही बहिऱ्या बायकोला घेऊन! चिमाबाईला त्यानं सांगितलं नाही. तिनं मात्र त्याचे ओठ न हलताच ओळखलं.

चार दिवसांनी पोस्टमन निरोप घेऊन आला: टेलिफोन ऑपरेटर नंदाबाई बोलावतायत, मंगळवारी दुपारी दोनला एक्स्चेंजमध्ये या. ‘झालं,’ शिदू म्हणाला, ‘बाईचा कान फुटला. आता तो भरून द्यायचा.’

नंदाबाई वराळ्याच्या शेतकऱ्याची मुलगी होती. चष्मा लावलेली, ताठ. आपल्या बोर्डावरून गेलेलं बोलणं समजलं नाही असं कधी झालं नाही, असा तिचा ताठा होता, आणि त्या हाळीनं तो मोडला होता. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. तो तिनं दोन्ही गुरुवारी मोडला होता. “शिदूभाऊ, दुपारी बोर्डावर गर्दी नसते,” ती म्हणाली. “मी तुम्हाला बोलायला शिकवते. म्हणा, टाकी.”

महिनाभर शिदू मंगळवारी आणि शुक्रवारी एक्स्चेंजच्या बाकावर बसून टाकी म्हणत होता. जीभ इथं लावा, वारा तोंडातून सोडा, नाक दाबून बघा. नाक दाबलं की शिदूचा श्वास कोंडे, सोडलं की टाकी पळून जाई. घरी तो चुलीपुढे बसून टाकी म्हणे, परड्यात पाणी घालताना टाकी म्हणे. महिन्याच्या शेवटी निकाल असा लागला की नंदाबाईला टाकी कळलीच नाही, आणि चिमाबाईला जे आधी कळत होतं तेही कळेनासं झालं. शिदूचे ओठ आता भलत्याच जागी हलायला लागले होते. “असं का तोंड वेंगाडतायसा?” ती म्हणाली. अख्ख्या जगात एक समजणारं माणूस होतं, ते पण घालवलं, असं शिदूनं स्वतःला ऐकवलं, आणि त्या दिवशी त्याला हसू आलं नाही.

त्याच दिवशी तो एक्स्चेंजच्या गॅलरीत उभा होता. आता परत येत नाही, असं नंदाबाईला कसं सांगावं या विचारात होता. खाली बाजारात वाडीतला बारकू, त्याचा चुलतभाऊ, टाकळ्याची भाजी विकून परत निघालेला दिसला. मध्ये ट्रकांचा खडखडाट, पाऊस, छत्र्या. शिदूनं सवयीनं हाळी दिली: माझी शेळी तुझ्याकडेच राहू दे, परवा न्यायला येतो. रस्त्यापलीकडून बारकूनं वळून न बघताच हाळी परत दिली: दोन पिल्लं झालीत, सवड काढून ये. शिदूनं उलट हाळी दिली: माझ्या वाट्याचं दूध पिऊ नको.

नंदाबाई दारात येऊन उभी राहिली होती. “आत्ता काय बोललात तुम्ही? एकही अक्षर नव्हतं त्यात, आणि त्यांना कळलं?”

तिनं बारकूला वर बोलावलं. बारकू डोक्यावरचं इरलं काढून, पायांचा चिखल पुसत, भीत भीत आला. बाईचा प्रश्न ऐकून त्याला नवल वाटलं.

“ह्ये सगळ्यांनाच कळतं की. बाई, या डोंगरावनं त्या डोंगराव शबुद जात न्हाई. शबुद जड असतो, दरीत पडतो. चाल तेवढी पोचती. आमी चाल ऐकतो.”

“आणि चाल चुकली तर?”

“ज्याची ती चाल ठरल्याली असती. आन् हाळीत कुनी खोटं बोलत न्हाई. मानूस धावत येतो ना, बाई.”

नंदाबाईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “शिदूभाऊ,” ती म्हणाली, “महिनाभर मी तुमचं तोंड दुरुस्त करत बसले. बिघाड माझ्या कानात होता.”

“मंग आता तुमचा कान धरू का?” शिदू हाळीच्याच चालीत म्हणाला. तिला कळलं नाही. बारकूला कळलं, आणि तो घाबरून जिन्याकडे बघायला लागला.

त्या मंगळवारपासून शाळा उलटी झाली. शिदू मास्तर, नंदाबाई विद्यार्थिनी. तिनं एक वही केली. टाकी, कौलं, म्हातारी, गळते, भरली, जेवली, एकपासून वीसपर्यंत आकडे. शिदूनं एकेक गोष्ट हाळीच्या चालीत सांगायची, पण हळू, घरात बोलतात तेवढ्या आवाजात. नंदाबाईनं शब्दापुढे आवाजाची रेघ काढायची, चढली तिथे वर, उतरली तिथे खाली. एकच गोष्ट वीस वीस वेळा. मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि ओळखायची. पहिल्या दिवशी चाळिसांतल्या सहा ओळखल्या. “आमच्या वाडीतलं चार वर्साचं पोर जास्ती वळाखतं,” शिदू म्हणाला. श्रावण संपेपर्यंत चाळिसांच्या चाळीस व्हायला लागल्या, आणि वहीत नसलेलंही तिला अधूनमधून कळायला लागलं. एकदा तो सहज म्हणाला, “बाईचा चष्मा म्हंजे घुबडाची खिडकी,” आणि तिनं न वळता सांगितलं, “शिदूभाऊ, कळलं हं.” शिदूच्या अंगाला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलण्याआधी विचार करावा लागला.

मग गुरुवार सुरू झाले. लाइन खराब असली तर ऑपरेटरनं मध्ये पडून निरोप पोचवायचा, असा रिवाज होता. नंदाबाईनं लोणावळ्याची लाइन दर गुरुवारी चार वाजता खराब करून टाकली. शिदू आपल्या चालीत सांगायचा, गुलबाई ऐकायची, आणि लगेच नंदाबाई म्हणायची, “टाकी गळते आहे. कौलं चार फुटली. म्हातारी जेवली.” आधी शिदूचा आवाज, पाठोपाठ त्याचा अर्थ, दर आठवड्याला. म्हातारीलाही सवय होत होती, पण हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सगळी खबर देऊन झाली की शिदू शेवटी एक वाक्य आपल्या पदरचं जोडी. एवढ्या मोठ्या मालकिणीशी आपण मुंबईला बोलतो या आनंदात त्याची जुनी खोड उसळायची. “ठिव आता म्हातारे, टाकीपरीस तूच लय गळतीस.” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नंदाबाईनं चष्मा सावरला. मग घसा साफ करून म्हणाली, “माळी नमस्कार म्हणतायत.”

“थँक यू, दीकरा,” गुलबाई म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी हा नमस्कार होऊ लागला. नंदाबाईनं एकदा दटावलंही. “शिदूभाऊ, हे बरं नाही.” शिदूनं कान धरले. पुढच्या गुरुवारी जीभ परत घसरली.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. त्या गुरुवारी बरोबर चारला घंटी वाजली, आणि चोंग्यातून केकीचा आवाज आला. “शिदू, आज मी मावशीजवळ बसलो आहे. ऑपरेटर, आज मध्ये बोलायचं नाही. मला बघायचं आहे, हा माणूस एकटा खबर देतो का ते.”

नंदाबाईची लाइन गप्प झाली. शिदूनं चोंगा दोन्ही हातांनी धरला. दारात चिमाबाई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. खोलीतलं सामान तिनं मनातल्या मनात बांधून ठेवलं होतं, हे शिदूला माहीत होतं.

“टाकी?” गुलबाईनं विचारलं.

शिदूनं डोळे मिटले. समोर दरी आहे, पलीकडच्या डोंगरावर म्हातारी उभी आहे, असं त्यानं मनाशी धरलं. मग चाल सांगितली.

“टाकी गळते,” गुलबाई म्हणाली. “पण कमी गळते. केकी, लिही.”

“कौलं?” तिनंच पुढे विचारलं.

“सात फुटला. तीन नवा बसवला.” तिचा आवाज चढत चालला होता. “म्हातारी?... म्हातारी जेवली, पण मागचा पाय दुखते. केकी, मला सगळा समजते! सगळा!”

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग केकीचा आवाज आला, कोरडा पण हरलेला. “ठीक आहे. तळेगावच्या माणसाला नको म्हणून कळवतो.”

शिदूच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं दारातल्या चिमाबाईला हातानं खूण केली: राहिलो. ती मटकन उंबऱ्यावर बसली. आणि त्या भरात, आनंदात, जन्माच्या सवयीनं, शिदू चोंग्यात म्हणाला, “ठिव आता म्हातारे, टाकीपरीस तूच लय गळतीस.”

बोलून झालं आणि मग त्याला आठवलं की आज नमस्कार म्हणायला मध्ये कोणी नाही.

तारेत बारीक घरघर होत होती.

“टाकी,” गुलबाई सावकाश म्हणाली. “म्हातारी. गळते. शिदू, म्हातारी गळते? कुत्रीला काय झाला? आजारी आहे काय?”

सुटायची वाट समोर उघडी पडली होती. एक ‘व्हय’ म्हणायचं, बस. कुत्री आजारी आहे, गळते आहे. खोली राहील, नोकरी राहील, चिमाबाई राहील. आणि नाहीच जमलं तर नुसतं पुटपुटायचं. गेंगाण्याचं कोणाला कळलंय कधी? चाळीस वर्षं हीच वाट त्याला कामी आली होती.

पण तो हाळीत बोलला होता. आणि कुत्री आजारी म्हटलं तर म्हातारी मोटार काढून रात्रीचा घाट चढून येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस धावत येतो. शिवाय एकदा का चाल खोटी पडली की त्या चालीवर कोणी भरवसा ठेवत नाही. मग टाकी पण गेली आणि कौलं पण गेली. ‘वा रे शिद्या,’ तो स्वतःला म्हणाला, ‘साऱ्या मावळाला शिव्या घातल्यास, कुनाला कळल्या न्हाईत. आता येकीला कळाया लागलं तर तीच तुझी धनीन!’

“न्हाई,” तो म्हणाला. “कुत्री बरी हाय.”

“मग कोण म्हातारी गळते?”

शिदूनं दारातल्या चिमाबाईकडे बघितलं.

“शिदू, पुन्हा बोल.”

पुन्हा बोल. हे दोन शब्द शिदूनं जन्मभर ऐकले होते. शाळेत, बाजारात, दवाखान्यात, तलाठ्यापुढे. दर वेळी समजलं नाही म्हणून. आज पहिल्यांदा कोणी समजलं म्हणून म्हणत होतं. त्याला आलेलं रडू तोंडात गेलं, नाकात गेलं, डोळ्यांतून बाहेर पडलं. त्यानं ते पुसलं आणि अख्खं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चाल न चोरता, परत सांगितलं.

मग गुलबाई म्हणाली, “म्हातारी म्हणजे मी? हा तुझा नमस्कार आहे? दर गुरुवारचा?”

“व्हय.”

“आणि फाटकावर काय म्हणते? चौदा वर्षं? मी तुला थँक यू म्हणते, बिस्किट देते!”

“तितं भवानी म्हनतो,” शिदू म्हणाला. आता लपवायला राहिलं काय होतं? हा शब्द म्हातारीच्या ओळखीचा नव्हता, तो तेवढा नंदाबाईनं मध्ये पडून सांगितला.

आधी एक बारीक चिरका आवाज आला. म्हातारीला काही झालं की काय म्हणून शिदू घाबरला. तो आवाज वाढत गेला, मध्ये खोकला आला, आणि मग कळलं की म्हातारी हसते आहे. पाठीमागे केकी “मावशी, मावशी, पाणी घे” करत होता. तीन मिनिटं कधीच संपली होती. नंदाबाईनं लाइन तोडली नाही. तिच्याही बाजूनं तोंडावर रुमाल दाबल्यासारखा काही आवाज येत होता.

“केकी मला मावशी म्हणते आणि घड्याळ बघते,” श्वास जागेवर आल्यावर गुलबाई म्हणाली. “सगळा लोक मला गोड बोलते. मी गळते ते एकटा तू सांगितला. गुरुवारी फोन करते. खोलीत राहा.” आणि फोन ठेवला.

चिमाबाईला सगळं सांगायला शिदूला संध्याकाळ पुरली नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मला काय म्हनता मागनं? मी तर ऐकत न्हाई.” शिदूनं शपथ घेतली की काही म्हणत नाही, आणि ही मात्र हाळी नव्हती, म्हणून खोटं चालत होतं.

पुढच्या गुरुवारी चारला घंटी वाजली. शिदूनं त्या दिवशी अंघोळ करून धुवट सदरा घातला होता. मनाशी ठरवलं होतं: झालं ते झालं, आता नीट वागायचं. ऐकणारं कोणी आहे म्हटल्यावर माणसानं बोलणं सांभाळायला नको? टाकी झाली, कौलं झाली, म्हातारीचा पाय झाला. मध्ये आता नंदाबाई लागत नव्हती. मग त्यानं हात जोडले, कोणी बघत नसताना मानही लववली, आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून म्हणाला, “नमस्कार, बाईसाहेब.”

“काय बोलला?” मुंबईहून आवाज आला. “शिदू, हा काय समजला नाही. पुन्हा बोल.”

त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही समजलं. तिसऱ्यांदाही नाही. हा शब्द त्यानं तिला आजवर कधी ऐकवलाच नव्हता. तिच्या कानाला त्याची ओळख कुठून असणार?

शेवटी शिदूनं जोडलेले हात सोडले, छातीत वारा भरून घेतला, आणि नेहमीचं वाक्य नेहमीच्या चालीत सांगितलं.

“थँक यू, दीकरा,” गुलबाई म्हणाली, आणि समाधानानं फोन ठेवला.